लाखोळीची चाळीस पाकिटे: परदेशी जनुक बँकेतून संशोधनासाठी बियाणे मागवण्याच्या सेवेचे परीक्षण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धान कापणीला येऊ लागले की बांधीतली ओल उडून जाण्याआधी उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकण्याची जुनी रीत आहे. त्यासाठी नांगरट करावी लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही आणि खताचा खर्चही येत नाही. धान कापून नेल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर हे पीक वाढते आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात डाळ व गुरांपुढे कुटार येते. या पिकाचे दुखणे एकच, पण मोठे आहे. त्याच्या दाण्यात ओडॅप नावाचे चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष असते आणि दुष्काळाच्या दिवसांत माणसे महिनोन्महिने केवळ याच डाळीवर जगली की पायांतले बळ कायमचे जाऊ शकते. त्यामुळेच 1961 मध्ये तिच्या विक्रीवर केंद्राने बंदी आणली. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवडा यांसारखे कमी ओडॅपचे वाण दिले. तरीही पैदासकाराला हवी असते ती विविधता, आणि लाखोळीची पुष्कळशी विविधता इथिओपियापासून भूमध्य सागराच्या काठापर्यंतच्या शेतांतून गोळा होऊन आज परदेशी जनुक बँकांच्या थंड खोल्यांत पडून आहे.

मी एका कृषी महाविद्यालयाच्या कृषी वनस्पतिशास्त्र विभागात शिकवते. पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी आम्हाला असे चाळीस नमुने परदेशातून मागवायचे होते. बी फुकट मिळते हे आम्हाला ठाऊक होते. ते कोणत्या वाटेने यावे लागते हे मात्र विभागात कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. आता ती सगळी वाट चालून झाली आहे, म्हणून एखाद्या विकत घेतलेल्या सेवेचे करावे तसे तिचे परीक्षण येथे करते आहे. या सेवेचे चार टप्पे आहेत: नमुना शोधणे, बँकेशी करार करणे, आयातीचा परवाना व तपासणी, आणि आपल्या स्वतःच्या विद्यापीठातली व्यवस्था. पहिले दोन टप्पे अपेक्षेपेक्षा चांगले निघाले, तिसरा संथ आहे पण त्याच्या संथपणाला भक्कम कारण आहे, आणि चौथा, जो पूर्णपणे आपल्या हातात आहे, तोच सर्वांत कच्चा आहे.

शोधाची सुरुवात आम्ही जेनेसिस या संकेतस्थळावर केली. जर्मनीतील बॉन येथील क्रॉप ट्रस्ट ही संस्था ते चालवते आणि जगभरच्या जनुक बँकांतील चाळीस लाखांहून अधिक नमुन्यांची माहिती तेथे एकत्र पाहता येते. पिकाचे शास्त्रीय नाव घालून शोध सुरू करावा, मग मूळ देश, गोळा केलेले ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, नमुना स्थानिक वाण आहे की रानटी, तो सध्या वाटपासाठी उपलब्ध आहे की नाही, अशा चाळण्या एकेक करून लावत जाव्यात. हजारांवरून शंभरांवर आणि शंभरांवरून चाळीसांवर येताना विद्यार्थिनीचा स्वतःचा प्रश्नही स्पष्ट होत गेला, आणि शिक्षक म्हणून मला हा या संकेतस्थळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नुसती ‘कमी ओडॅपची ओळ (एका वंशाचे बी) द्या’ अशी मागणी तेथे करता येत नाही. कोणत्या हवामानातली, कोणत्या जमिनीतली आणि कोणत्या कारणासाठी, हे आधी ठरवावे लागते. निवडलेले नमुने यादीत जमा होतात आणि ती यादी थेट संबंधित बँकेकडे मागणी म्हणून जाते.

दोष सांगायचे तर नमुन्याची पासपोर्ट माहिती, म्हणजे तो कुठे, केव्हा आणि कोणी गोळा केला याची नोंद, सगळीकडे सारख्या दर्जाची नाही. काही जुन्या नोंदींत फक्त देशाचे नाव आहे, गावाचा किंवा अक्षांश-रेखांशाचा पत्ता नाही. ओडॅपचे मोजमाप तर फारच थोड्या नमुन्यांबाबत सापडले, त्यामुळे आम्हाला मूळ देश आणि उंची यांवरून अंदाज बांधावा लागला. ही उणीव संकेतस्थळाची कमी आणि शास्त्रज्ञांची अधिक आहे, कारण नमुने नेऊन त्यांवर काम करणाऱ्यांनी आपली मोजमापे बँकेला परत कळवली असती तर ती आज तेथे दिसली असती.

आमच्या यादीतले बहुतेक नमुने इकार्डा या संस्थेच्या संग्रहातले निघाले. कोरड्या प्रदेशांतील शेतीसाठी 1977 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य ठाणे सीरियातील अलेप्पोजवळ तेल हाद्या येथे होते आणि हरभरा, मसूर, बाकला, लाखोळी, सातू, गहू यांचा फार मोलाचा संग्रह तेथे होता. यादवी युद्धात ते ठाणे सोडावे लागले. पण संग्रहाच्या दुय्यम प्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावरील बियाणे कोठारात आधीच पाठवलेल्या होत्या, आणि 2008 मध्ये उघडलेल्या त्या कोठारातून 2015 मध्ये पहिल्यांदाच कोणी बियाणे परत मागितले ते इकार्डानेच. ते बी लेबनॉनमधील तर्बोल आणि मोरोक्को येथे पेरून, वाढवून संग्रह पुन्हा उभा करण्यात आला. ही हकिगत मी विद्यार्थिनीला मुद्दाम सांगितली. आपल्या टेबलावर येणार असलेल्या पाकिटातले पंचवीस-तीस दाणे कोणाकोणाच्या कष्टांतून आणि कोणत्या संकटातून वाचून आले आहेत हे कळल्यावर ते निष्काळजीपणे हाताळण्याची छाती कोणाचीच होत नाही.

आता कराराविषयी. या टप्प्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण आमच्या क्षेत्रातली बरीच माणसे तो न वाचताच मान्य करतात.

1993 च्या डिसेंबरात जैविक विविधता करार अमलात आला आणि त्याच्या पंधराव्या कलमाने एक गोष्ट पक्की केली: आपल्या हद्दीतील जनुकीय संसाधनांवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे. त्यापूर्वी बियाणे जगभर बहुतांशी मोकळेपणाने फिरत असे. जपानचा बुटका गहू नोरिन 10 हा 1946 मध्ये अमेरिकेत नेला गेला, तेथून मेक्सिकोत गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती आला, आणि त्या वंशावळीतल्या गव्हाचे 18,000 टन बियाणे भारताने 1966 मध्ये आणले. आपल्या हरितक्रांतीच्या मुळाशी अशी मोकळी देवाणघेवाण आहे, हे विसरून चालणार नाही. मात्र त्याच मोकळेपणाची दुसरी बाजू अशी होती की ज्यांच्या शेतांतून बी गेले त्यांना पुढे त्यातून काय मिळाले, याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक देशाशी स्वतंत्र वाटाघाट करावी असे ठरवले तर पीक पैदास ठप्प होईल, कारण एका वाणाच्या वंशावळीत अनेक देशांचे बी मिसळलेले असते. म्हणून 2001 मध्ये अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, 2004 मध्ये तो लागू झाला, आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात 64 पिकांचा व चारा वनस्पतींचा एक सामाईक साठा मानला गेला. या साठ्यातले बी सर्वांना एकाच छापील करारावर मिळते. त्या कराराला प्रमाणित साहित्य हस्तांतरण करार किंवा बोलण्यात एसएमटीए म्हणतात. लाखोळी या परिशिष्टात आहे; तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी, नाचणी, भात, गहू, वांगे आणि नारळही आहेत.

आम्ही हा करार दोन दुपारी बसून ओळीओळीने वाचला. त्याचा गाभा मराठीत सांगायचा तर असा: हे बी अन्न व शेतीसाठीचे संशोधन, पैदास आणि प्रशिक्षण यांसाठीच वापरीन, औषधनिर्मिती, रसायने किंवा खाण्या-चारण्याव्यतिरिक्तच्या उद्योगांसाठी नाही. ज्या स्वरूपात ते मला मिळाले त्या स्वरूपातील बियाण्यावर किंवा त्याच्या जनुकीय घटकांवर, इतरांची वाट अडेल असा बौद्धिक संपदेचा कोणताही हक्क मी सांगणार नाही. पुढे कोणाला दिले तर याच अटींचा नवा करार करूनच देईन आणि तसे 2001 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियामक मंडळाला कळवीन. संशोधनातून निघालेली, गोपनीय नसलेली माहिती खुली करीन. आणि या बियाण्यापासून वाण काढून विकला, पण इतरांना पुढच्या संशोधनासाठी व पैदाशीसाठी तो मोकळा ठेवला नाही, तर विक्रीतून 30 टक्के वजा करून उरणाऱ्या रकमेच्या 1.1 टक्के इतकी रक्कम सामाईक लाभनिधीत भरीन.

शेवटच्या अटीने आमच्या विभागात थोडी घबराट झाली होती. विद्यापीठाला परदेशी पैसे भरावे लागतील असा समज पसरला. तो समज चुकीचा होता. आपल्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार नोंदवलेला वाणसुद्धा संशोधकाला नवा वाण काढण्यासाठी मूळ स्रोत म्हणून वापरता येतो, म्हणजे तो पुढील पैदाशीसाठी बंद होत नाही, आणि अशा वाणाबाबतचे देणे सक्तीचे नसून ऐच्छिक ठरते. ही साधी गोष्ट विद्यापीठाच्या एखाद्या परिपत्रकात दोन ओळींत लिहिलेली असती तर आमचा एक महिना वाचला असता.

कराराची मान्यता सही करून देता येते, पाकीट उघडून वापरल्यानेही धरली जाते आणि ईझी-एसएमटीए या संगणकीय प्रणालीवर बटण दाबूनही देता येते. सोय म्हणून ही प्रणाली उत्तम आहे: नोंदणी फुकट आहे, नमुन्यांची यादी कराराला आपोआप जोडली जाते आणि प्रत कायमची जपली जाते. पण तिच्या सोपेपणातच एक धोका आहे आणि तो मी स्पष्टपणे नोंदवते. बटण दाबणारी व्यक्ती एखादी विद्यार्थिनी असते, तर बंधन संस्थेवर येते. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन निघून गेल्यावर दहा वर्षांनी त्या ओळींपासून वाण तयार झाला, तर मूळ करार कोणाच्या ईमेलमध्ये आहे हे शोधायचे कोणी? आम्ही यावर असा तोडगा काढला की मान्यता विभागप्रमुखांच्या नावाने घेतली, कराराची छापील प्रत विभागाच्या आवक नोंदवहीत लावली आणि प्रत्येक पाकिटावर कराराचा क्रमांक पेन्सिलने लिहिला.

ही सुखाची वाट सर्व पिकांना खुली नाही, हे मात्र अर्ज करण्याआधी तपासावे. भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो, ऊस, कांदा आणि द्राक्ष ही महाराष्ट्राची महत्त्वाची पिके त्या 64 च्या यादीत नाहीत. आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांच्या बँका आपल्याकडचे यादीबाहेरच्या पिकांचे नमुनेही एसएमटीएवर देतात, त्यामुळे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या अशाच केंद्रातून भुईमुगाचे नमुने मिळण्यात अडचण येत नाही. पण एखाद्या देशाच्या रानातून किंवा त्याच्या राष्ट्रीय संग्रहातून अशा पिकाचा रानटी भाऊबंद हवा असेल, तर 2010 मध्ये नागोया येथे संमत झालेला आणि 2014 च्या 12 ऑक्टोबरपासून लागू झालेला नागोया प्रोटोकॉल समोर येतो. तेव्हा त्या देशाच्या सक्षम प्राधिकरणाची पूर्वसंमती घ्यावी लागते आणि लाभवाटपाच्या अटी दोघांनी मिळून ठरवाव्या लागतात. भुईमुगाच्या तांबेरा आणि टिक्का रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती ज्या रानटी प्रजातीकडून लागवडीच्या वाणांत आली, तिचे बी बोलिव्हियातून गोळा केलेले होते आणि ते त्या काळी देशोदेशी सहज पोचले. आज तसा नमुना नव्याने आणायचा तर काम वर्षांच्या हिशेबात मोजावे लागेल. एका पिकाच्या वाट्याला एक तयार छापील करार आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोन सरकारांची वाटाघाट, ही विषमता मला बोचते; पण बोलिव्हियाच्या शेतकऱ्याच्या जागी आपल्या घाटावरचा शेतकरी उभा करून पाहिले की संमतीचा आग्रह अन्यायाचा वाटत नाही.

तिसरा टप्पा आयातीचा. संशोधनासाठीचे जननद्रव्य, म्हणजे पैदाशीसाठीचे बी, देशात आणायचे, मग ते सरकारी विद्यापीठाने आणो वा खासगी कंपनीने, तर वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संचालकांचा परवाना लागतो. बोलण्यात सगळे या संस्थेला एनबीपीजीआर म्हणतात आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यातही आहे. परवाना सहा महिने चालतो, विनंती केल्यास त्याची मुदत वाढते आणि तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. परवाना हाती आल्यावर त्याची प्रत परदेशी बँकेला पाठवायची. मग बँक तिच्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र जोडून पार्सल पाठवते, आणि ते पार्सल आपल्या पत्त्यावर न येता थेट ब्युरोकडे जाते. तेथे दाण्यांची डोळ्यांनी आणि क्ष-किरणांनी तपासणी होते, विषाणूंसाठी चाचण्या होतात आणि गरज पडली तर रोपे बंदिस्त हरितगृहात वाढवून पाहिली जातात.

या क्रमातली एक चूक फार जण करतात, म्हणून ती ठळकपणे सांगते. बँकेची संमती लवकर येते, तिचा ईमेल पाहून आनंद होतो आणि परवान्याचा अर्ज मागे राहतो. परवान्याविना आलेले पार्सल सुटत नाही. आधी परवाना, मग पाठवणी, हा क्रम मोडू नये.

तपासणीला लागणारा वेळ अनेकांना जाचतो. त्यांनी आपल्या रस्त्याकडेचे काँग्रेस गवत आठवावे. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आयात गव्हाच्या पोत्यांतून ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि आज खेड्यापाड्यांत त्याच्यामुळे हातापायांना खाज आणि छातीत धाप लागलेली माणसे दिसतात. लाखोळीपुरते बोलायचे तर भूमध्य सागराच्या परिसरात द्विदल पिकांच्या मुळांवर जगणारा, बंबाखू या परोपजीवी तणाचा एक प्रकार आहे. आपल्याकडे तंबाखू आणि मोहरीवर येणाऱ्या बंबाखूचाच तो भाऊबंद. त्याचे बी धुळीइतके बारीक असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. माझ्या चाळीस पाकिटांपैकी एका पाकिटाच्या तळाशी अशी चिमूटभर धूळ असती आणि ती तशीच विदर्भाच्या बांधीत पोचली असती, तर हरभऱ्याच्या आणि मसुराच्या शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडाने उत्तर दिले असते?

आणि नियम पाळून आणलेली गोष्ट कशी उपयोगी पडते याचेही उदाहरण त्याच गवताशी जोडलेले आहे. काँग्रेस गवत खाणारा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये मेक्सिकोहून बंगळूरूला आणला गेला, तो बंदिस्त जागेत तपासला गेला आणि नंतरच बाहेर सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याने वाद झाला आणि पुन्हा अभ्यास करावा लागला. परकी सजीव वस्तू आणण्याचे काम किती जपून करावे लागते हे त्या वादानेही शिकवले.

आमच्या चाळीस पाकिटांपैकी अडतीस सुटून आली. दोन पाकिटांत दाण्याच्या आत भुंगेऱ्याची अळी सापडली आणि ती दोन आम्हाला मिळाली नाहीत. वाईट वाटले, पण तक्रार नाही. सुटून आलेल्या प्रत्येक नमुन्याला ‘ईसी’ने सुरू होणारा राष्ट्रीय क्रमांक मिळाला होता. परदेशातून आलेल्या नमुन्याला ईसी आणि देशी नमुन्याला आयसी, अशी ही पद्धत आहे. इथून पुढे प्रबंधात, लेखात आणि शेतातल्या पाटीवर तोच क्रमांक वापरावा. मूळ बँकेचा क्रमांक, करार क्रमांक आणि ईसी क्रमांक हे तिन्ही एका ओळीत लिहिलेली वही आम्ही सुरू केली आहे आणि ती विभागाच्या कपाटात राहील, कोणा एकाच्या घरी जाणार नाही.

आता चौथा टप्पा, आपल्या घरातला. येथे कोणत्याही संस्थेचे नाव घेण्याची गरज नाही, कारण जे माझ्या वाट्याला आले ते अनेक सहकाऱ्यांनी आपल्या आपल्या ठिकाणी सोसलेले आहे. आमचा प्रस्ताव खरेदी शाखेत गेला तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे विचारले, “मॅडम, परदेशातून माल येतोय, तर तीन कोटेशन कुठे आहेत?” मी सांगितले की किंमत शून्य आहे. “मग बिल कशाचं लावायचं?” त्याचे चुकले असे मला वाटत नाही. त्याच्यापुढे जी नियमावली होती तिच्यात मोफत मिळणाऱ्या, पण कराराने बांधलेल्या वस्तूसाठी रकानाच नव्हता. फाइल सहा आठवडे फिरली. करारावर सही कोणी करायची, विभागप्रमुखाने, संशोधन संचालकांनी की कुलसचिवांनी, हे कोणीच लिहून ठेवलेले नव्हते आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न नव्याने विचारला गेला.

वाट अशी अडखळती असली की माणसे पळवाट शोधतात. परदेशी परिषदेहून येताना कोणी शर्टाच्या खिशात, कोणी पुस्तकाच्या पानांत बी आणल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने कौतुकाने ऐकल्या आहेत. त्या कौतुकाचे दिवस संपले आहेत. असे बी तपासणीविना शेतात जाते आणि त्यावर लिहिलेला लेख नियतकालिकाने मूळ स्रोत विचारला की अडतो. त्यापासून निघालेल्या वाणाची नोंदणी करायची झाली तर जनकांचा उगम सांगताना खोटे लिहावे लागते. विद्यार्थ्याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच त्याच्याकडून खोटे लिहवून घेणे मला मान्य नाही.

प्रत्येक कृषी विद्यापीठात या कामासाठी एक नेमलेली व्यक्ती असावी, एवढे माझे मागणे आहे. त्या व्यक्तीला पिकांची यादी ठाऊक असावी, करारावर सही करण्याचा अधिकार कोणाचा ते लेखी असावे आणि नोंदवही तिच्या ताब्यात असावी. युरोपातील विद्यापीठांनी हे पाऊल कायद्याच्या रेट्याने उचलले. युरोपीय संघाच्या 2014 मधील 511 क्रमांकाच्या नियमानुसार, नागोया प्रोटोकॉलच्या कक्षेतील संसाधन वापरणाऱ्याने ते कायदेशीर मार्गाने मिळवल्याची खातरजमा करावी लागते, संशोधनाला निधी मिळताना तसे घोषणापत्र द्यावे लागते आणि वापर संपल्यावरही वीस वर्षे कागद जपावे लागतात. सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्यांसाठी ब्राउनश्वाइग येथील डीएसएमझेडसारख्या नोंदणीकृत संग्रहातून नमुना घेतला की ही खातरजमा बरीचशी आपोआप पूर्ण होते.

तेथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी एक इशारा येथेच देते. सुट्टीत घरी आल्यावर गावची ज्वारी, एखादी औषधी वनस्पती किंवा शेतातली माती आपल्या प्रयोगशाळेसाठी नेण्याचा मोह होतो. परदेशी संस्थेसाठी येथील जैविक संसाधन संशोधनाला नेताना जैविक विविधता कायदा, 2002 आडवा येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. नागरिकत्व भारतीय आहे एवढ्याने ही अट सुटत नाही. आपल्या मार्गदर्शकाला हे नियम ठाऊक नसतील तर आपण सांगावेत. पुढे अडचण झाली तर ती दोघांचीही होते.

ज्यांचे काम बियाण्यापलीकडचे आहे त्यांनी वरच्या वाटेवर विसंबू नये. सूक्ष्मजीव, कीटक आणि जैविक नियंत्रक आणायचे तर फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडे जावे लागते. जनुकपरिवर्तित बियाण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुनरावलोकन समितीची मान्यता आधी लागते. निव्वळ जनुकक्रम सार्वजनिक माहितीसंचातून उतरवून घ्यायचा असेल तर आज असा परवाना लागत नाही. मात्र त्यातून होणाऱ्या लाभाच्या वाटपासाठी स्थापन झालेला काली निधी 2025 पासून सुरू झाला आहे आणि त्याकडे लक्ष ठेवावे.

गुणच द्यायचे तर जेनेसिसला पाचपैकी साडेचार, एसएमटीए आणि त्याच्या संगणकीय प्रणालीला पाचपैकी पाच, परवाना व तपासणीला चार, आणि विद्यापीठांतर्गत व्यवस्थेला मोठ्या खेदाने दीड. लाखोळी पेरायची तर धान निसवून दाणा भरत आल्यावर, आश्विनाच्या अखेरीस, बी हातात असावे लागते. त्यासाठी नमुन्यांची निवड आदल्या वर्षीच्या दिवाळीत करावी, परवान्याचा अर्ज जानेवारीत जावा आणि पार्सल उन्हाळ्याआधी तपासणीला पोचावे. आम्ही अर्ज मार्चच्या शेवटी केला, म्हणून आमच्या अडतीस ओळी धानाच्या बांधीत पडू शकल्या नाहीत. पहिल्या वर्षी त्या कुंड्यांत, जाळीखाली वाढवाव्या लागल्या. प्रत्येक ओळीचे बी आता पाव किलोच्या आसपास झाले आहे आणि यंदा ते धानात फेकले जाईल.